घरगाडीची वॉरंटी आणि अकरावा प्रश्न

मार्लिन श्रॉकला ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या आमच्या माळावर सगळे ओळखत, आणि ज्यांना तो आवडत नसे तेही त्याला कॉफीला बोलावत. कारण साधं होतं. वाढीव वॉरंटी घेतलेल्या माणसाची घरगाडी, म्हणजे चाकांवरचं घर, मोडली, की पैसे सोडण्याआधी कंपनी एक माणूस पाठवते. तो येतो, फोटो काढतो, फॉर्म भरतो आणि निघून जातो. क्वार्ट्झसाइट गावाच्या चहूबाजूंना पन्नास मैलांत तो माणूस म्हणजे मार्लिन. त्याच्याशी वाकडं घेणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं.

वय बासष्ट. उंच, जरासा वाकलेला, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बोलणं इतकं सावकाश की समोरच्याने अधीर होऊन त्याचं वाक्य स्वतःच पुरं करावं. मूळचा इंडियानाचा, तेही साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथातल्या घराण्यातला. ती माणसं कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. एरवी खोटं बोलणाऱ्यालाच शपथ लागते, असं त्यांचं म्हणणं. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. मार्लिनने तिशीतच चर्च सोडलं, बिअर प्यायला शिकला, पंथाची टोपी टाकली. ही एक खोड मात्र अंगात मुरली ती मुरलीच.

एल्कहार्टजवळच्या एका कारखान्यात त्याने बावीस वर्षं घरगाड्या बनवल्या. देशातल्या बहुतेक घरगाड्या त्याच भागात बनतात. पहाटे पाचला काम सुरू आणि दुपारी एकच्या आत घरी, कारण मजुरी तासावर नव्हती, नगावर होती. जितक्या गाड्या बाहेर पडतील तितके पैसे. त्यामुळे माणसं कारखान्यात चालत नसत, पळत असत. मार्लिनकडे स्लाइड बसवायचं काम होतं. गाडी मुक्कामाला लागली की बटण दाबायचं, आणि एक अख्खी भिंत सोफा-कपाटासकट तीन फूट बाहेर सरकते, खोली ऐसपैस होते. निघताना पुन्हा बटण दाबून ती आत घ्यायची. घरगाडीत मोडण्यासारखं बरंच काही असतं, त्यात पहिला मान या स्लाइडचा.

त्याची बायको लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी निघून गेली. भांडण असं काही झालंच नाही. हा माणूस दुपारी दीडला झोपतो आणि रात्री आठला पुन्हा झोपतो, मग मी लग्न केलं ते नक्की कुणाशी, एवढंच ती म्हणाली होती. पुढे गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा त्याने एक जुनी लहान घरगाडी घेतली, कोरड्या हवेत ॲरिझोनात आला, आणि ज्या वस्तू बनवल्या त्याच वस्तू का मोडतात ते लिहून देण्याचं काम त्याला मिळालं.

सकाळची कॉफी डेल्बर्टच्या छताखाली व्हायची. डेल्बर्ट म्हणजे नेब्रास्काचा निवृत्त पोस्टमन, वॉरंटीचा कट्टर भक्त. त्याचा फ्रिज बदलून मिळाला होता, एसी मिळाला होता, पाण्याचा गीझर दोनदा.

"चार हजार डॉलर भरले आणि नऊ हजारांचं काम करून घेतलं," तो रोज सांगायचा. "बँक तरी देते का एवढं?"

"तुला दिलं. मला काय दिलं? ठेंगा!" कुणीतरी म्हणायचंच. "चाकाला ग्रीस लावल्याची पावती आणा म्हणे. अरे, मी स्वतः लावलं ग्रीस! स्वतःच्या हाताला पावती फाडू काय?"

मग सगळे मार्लिनकडे वळत. नवा माणूस असला तर हमखास विचारी, "तुम्ही सांगा हो. घ्यावी की न घ्यावी?"

मार्लिन कप खाली ठेवी. "कागद वाचणाऱ्यांपैकी आहात का तुम्ही?"

"चाळीस पानं कोण वाचत बसतो?"

"मग नका घेऊ."

"आणि वाचला तर?"

"वाचलात तर तुम्हीच घेणार नाही."

मार्लिनच्या स्वतःच्या गाडीला वॉरंटी नव्हती. "बघा, बघा," डेल्बर्ट ओरडायचा, "स्वयंपाकी घरून डबा आणतोय!" मार्लिनला या विनोदाचं हसू यायचं थांबून सहा वर्षं झाली होती, तरी तो मान हलवायचा.

आता फॉर्मची गोष्ट. त्यात बावीस प्रश्न होते. एकवीस प्रश्न गाडीबद्दल, आणि अकरावा माणसाबद्दल. 'मालक वर्षभर याच वाहनात राहतो का?' वॉरंटी हौसेच्या प्रवासासाठी असते, वर्षातून दोन-चार आठवड्यांच्या. जो बाराही महिने गाडीत राहतो त्याची गाडी चौपट झिजते, म्हणून 'हो' आलं की करार रद्द. आणि आमच्या माळावर निम्मी माणसं बाराही महिने गाडीतच राहतात. घरं विकलेली, सामान पोरांना वाटलेलं. हिवाळा इथे सरकारी जमिनीवर, उन्हाळा उत्तरेला. पण सरकारला पत्ता लागतो, म्हणून साउथ डकोटातल्या एका दुकानात प्रत्येकाने आकड्याची एक पेटी भाड्याने घेतलेली. टपाल तिथे येतं, दुकानदार ते पुढे धाडतो. लायसन्सवर तोच पत्ता, मतदानही तिथलंच.

त्यामुळे अकराव्या प्रश्नाची आमच्याकडे एक रीत पडली होती. मार्लिन दहा प्रश्न समोरासमोर विचारी. अकरावा आला की तो पाठ फिरवून डोंगराकडे बघे आणि म्हणे, "घर साउथ डकोटात, नाही का?" पाठीमागून उत्तर येई, "हो, साउथ डकोटात." मग तो लिही, 'मालकाच्या सांगण्यानुसार: नाही.' मालकाच्या सांगण्यानुसार, या दोन शब्दांवर मार्लिन नऊ वर्षं निवांत झोपत होता. तो खोटं लिहीत नव्हता, जे कानावर आलं ते लिहीत होता. माळावरच्या प्रत्येकाला ही रीत माहीत होती. नव्या माणसाला आधी पाणी कुठे भरायचं ते सांगत, आणि मग हे.

आर्डिस लोकनला हे सांगायचं राहून गेलं.

ती मिनेसोटाची. चौऱ्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, हाताने दणकट. पस्तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीनशे पोरांना रोज जेवायला घातलं होतं, आणि अजून ती तीनशे जणांना ऐकू जाईल अशाच आवाजात बोलायची. आधीच्या उन्हाळ्यात तिचा नवरा ऑरिन वारला, याच गाडीत, झोपेत. घरच्यांना वाटलं, आता बाई गाडी विकणार. बाईने पिकअपला गाडी जोडली आणि पंधराशे मैल एकटीने चालवत माळावर आणून उभी केली. गाडी मागे घेताना तिला कुणी हातवारे करून दिशा दाखवायला लागलं, तर ती इंजिन बंद करून तो माणूस जाईपर्यंत वाट बघायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिची स्लाइड गेली. बटण दाबल्यावर मोटर किंचाळली, वास आला, आणि बाहेर गेलेली भिंत एका अंगाला कलंडून तिथेच अडकली. ना आत, ना बाहेर. स्लाइड बाहेर असताना गाडी हलवता येत नाही. एप्रिलच्या मध्यावर माळाचा परवाना संपतो, आणि मे महिन्यात इथे सरडेसुद्धा सावली शोधतात. दुरुस्तीचा अंदाज आला तो ऐकून आर्डिस प्रथमच गप्प बसली. फार्गोला तिचा मुलगा होता. तो म्हणाला, "आई, भंगारात दे आणि ये. खाली तळघरात सगळी सोय आहे." त्या तळघराला एकच खिडकी होती, आणि तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीचं चाक दिसायचं. म्हणजे वॉरंटीचे पैसे मिळाले तर आर्डिसची गाडी पुढे जाणार होती, नाही मिळाले तर आर्डिस तळघरात.

मार्लिन सकाळी नऊला आला. तो प्रत्येक गाडीपाशी आधी दाराजवळची पत्र्याची पट्टी बघायचा. तिच्यावर कारखाना आणि महिना छापलेला असतो. का बघतो, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, फॉर्मला लागतं. फॉर्मला फक्त नंबर लागायचा.

पट्टीवर त्याचाच कारखाना होता. नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वीचा.

तो पाठीवर झोपून स्लाइडखाली सरकला. मोटर जळली होती, ते दिसतच होतं. एका बाजूचा लोखंडी हात सुटला होता. त्या हाताला चार बोल्ट असतात. दोन मोडून पडले होते. उरलेल्या दोन भोकांत त्याने टॉर्च मारला. आतला काळा रंग अगदी कारखान्यातून निघाला तेव्हासारखा होता, एक ओरखडा नाही. त्या भोकांत बोल्ट कधी गेलेलाच नव्हता.

नोव्हेंबरमध्ये इंडियानात हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या आठवड्यात निम्मा कारखाना रानात असायचा आणि उरलेल्या निम्म्याला रानात जायची घाई असायची. सात गाड्या करायच्या तिथे नऊ करून माणसं अकरालाच पळायची. स्लाइडवर दोघे होते. मार्लिन आणि व्हर्नन नावाचा एक पोरगेला गडी. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची, आणि कंटाळा आला की अदलाबदल. मार्लिनने आठवून पाहिलं. चेहरे आठवले, थंडी आठवली, त्या वर्षी आपण दहा टोकांच्या शिंगांचं हरीण मारलं होतं तेही आठवलं. बोल्ट आठवले नाहीत.

"अरे बाबा, मेलास की काय?" आर्डिस वाकून ओरडली. "मेला असशील तर कॉफी एकच कप करते."

तो बाहेर आला. तिने छताखाली कॉफी आणि लेफ्से मांडली होती, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. त्याने दोन खाल्ल्या आणि फॉर्म काढला.

काय मोडलं, या प्रश्नापुढे त्याने लिहिलं, मोटर जळाली, दोन बोल्ट तुटले. काय मोडलं एवढंच फॉर्म विचारत होता. काय मुळात नव्हतंच, असा प्रश्न त्यात नव्हता, आणि नसलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका मार्लिनही साधा नव्हता. दहा प्रश्न संपले. तो उठला, डोंगराकडे तोंड केलं.

"घर साउथ डकोटात, नाही का?"

"कुणाचं?"

"तुमचं, बाई."

"साउथ डकोटात माझं काय आहे?"

"तुमचा पत्ता तिथला आहे. लायसन्सवर."

"तो पत्ता होय! पेटी आहे ती, बाबा. मी बघितली आहे. हात घातला तर कोपरापर्यंतसुद्धा जात नाही."

मार्लिन वळला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो अकराव्या प्रश्नाला वळला. "बाई, मी पुन्हा विचारतो. नीट ऐका. तुम्ही या गाडीत वर्षातून थोडेच दिवस राहता, एरवी तुमचं दुसरीकडे घर आहे. असंच ना?"

"नाही."

"मुलाकडे? फार्गोला?"

"त्याच्याकडे मी नाताळात तीन दिवस जाते आणि दुसऱ्या दिवशीच कंटाळते. मी इथं राहते. या गाडीत. पाच वर्षं झाली. ऑरिन याच पलंगावर गेला. तू लिही ना, मला काय धमकी देतोस?"

"लिहिलं तर पैसे मिळणार नाहीत."

ती बघत राहिली. "पैसे भरताना तर कुणी विचारलं नाही कुठं राहता म्हणून."

"नाही विचारत."

"आणि द्यायची वेळ आली की विचारतात."

"हो."

"मग सोय कुणाची आहे ते कळलं," आर्डिस म्हणाली. "पण म्हणून मी राहते तिथं राहत नाही, असं कसं सांगू? पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले, पाव चोरलास तर चोरलास म्हण, मी दुसरा देईन. आता या वयात?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बाईच्या चेहऱ्याकडे बघून मार्लिनला असं काही म्हणवेना. त्याच्या आईचा चेहरा खोटं पकडल्यावर असाच व्हायचा, न रागावता. तो फोटो काढायला लागला. दारावर ऑरिनने लाकडावर तापल्या सळईने कोरलेली पाटी होती, 'लोकनांचं घर'. मार्लिन गाडीला वळसा घालून असा उभा राहिला की पाटी फोटोत येऊ नये. तर आर्डिस तुळतुळीत मातीच्या दोन कुंड्या उचलून पुढे आली. "टोमॅटो पण घे की रे! लोकांना कळू दे, वाळवंटात लागतात म्हणून."

मार्लिनने टोमॅटोचा फोटो काढला आणि घरी जाऊन पुसून टाकला.

त्या दुपारी तो आपल्या गाडीत फॉर्म घेऊन बसला. एकवीस उत्तरं भरलेली होती. त्याने पेन उचललं, ठेवलं, भांडी घासली, परत बसला. भोकांतला तो कोरा काळा रंग काही डोळ्यांपुढून हलेना. मग त्याने लिहिलं, 'मालकाच्या सांगण्यानुसार: नाही.' तेच नेहमीचे शब्द, तेच वळण. फक्त यावेळी मालकाने तसं सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सरळसरळ खोटं लिहिलं, आणि त्याला वाईट वाटलं. एवढं वाईट वाटेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. त्याने फॉर्म पाठवून दिला.

अकरा दिवसांनी कंपनीतून फोन आला. पलीकडे त्याची नेहमीची साहेबीण होती. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण नऊ वर्षांचं बोलणं होतं. मोठा क्लेम असला की कंपनी मालकाला फोन करून दोन प्रश्न विचारते आणि ते रेकॉर्ड करते. एरवी 'हो', 'नाही' एवढ्यावर भागतं.

"तुमच्या त्या लोकनबाई बारा मिनिटं बोलल्या," साहेबीण म्हणाली. "मी गाडीतच राहते म्हणाल्या. नवरा कसा गेला ते सांगितलं. टोमॅटोंचं सांगितलं. वर आमच्या फोनवरच्या मुलीला विचारलं, तू जेवलीस का?"

मार्लिनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुमच्या फॉर्मवर आहे की, त्यांच्याच सांगण्यानुसार, राहत नाहीत. आता दोन्हीपैकी एक काहीतरी असणार ना, मार्लिन?"

"हो."

"हे बघा, मला हे वाढवायचं नाही. नऊ वर्षांत तुमच्या फॉर्मवर एक खाडाखोड नाही. बाईंचं वय चौऱ्याहत्तर. नवरा नुकताच गेलेला. अशा वेळी माणूस गोंधळतो. काल कुठे होतो, आज कुठे आहोत, भान राहत नाही. तुम्ही प्रत्यक्ष भेटलात. तेव्हाही थोड्या गोंधळलेल्या वाटल्या, असं दोन ओळींत लिहून पाठवा. मी फाइल पुढे सरकवते. त्यांना पैसे मिळतील, तुमचं काम चालू राहील. माझ्याही डोक्याला ताप नाही."

मार्लिनने खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन ओळी. बाईची भिंत नीट होणार, त्याची रोजीरोटी टिकणार, कुणाच्या खिशातून काही जाणार नाही, कंपनी सोडून. एवढंच की, आर्डिस लोकन हिचं डोकं ठिकाणावर नाही, असा एक कागद तयार होणार. आणि कागद एकदा तयार झाला की तो कुणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही. फार्गोच्या मुलाच्या हाती लागला, तर तळघरात न्यायला त्याला दुसरं कारण शोधावं लागणार नव्हतं. मार्लिनला बाईचा तो मोठा आवाज आठवला. अशी बाई गोंधळलेली म्हणून कागदावर कशी उतरवायची?

"ऐकताय ना?" साहेबीण म्हणाली. "वाटल्या ना गोंधळलेल्या?"

"नाही."

"मार्लिन, विचार करून सांगा."

"त्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा खरं सांगितलं. खोटं मी लिहिलं."

मग साहेबीण अगदी हळू म्हणाली, "हा फोनही रेकॉर्ड होतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

आठवडा संपायच्या आत त्याला कळवण्यात आलं की यापुढे पाहणीची कामं येणार नाहीत. कारण दिलं नव्हतं, लागतही नव्हतं. माळावर बातमी पसरायला एक सकाळ पुरली. डेल्बर्टच्या छताखाली मार्लिनला कॉफी मिळाली, पण कप कुणी आपणहून भरला नाही. आता पाहणीला जो नवा माणूस येईल तो डोंगराकडे बघून प्रश्न विचारेल की डोळ्यांत बघून, याची प्रत्येकाला काळजी लागली होती. "एवढा चांगला चाललेला गाडा," डेल्बर्ट म्हणाला, "आणि तू स्वतःच दगड लावलास, लेका." त्याचंही बरोबर होतं. मार्लिनने कॉफी संपवली आणि तो आर्डिसकडे निघाला.

तिला कंपनीचं पत्र मिळालं होतं. ती दारातच उभी होती आणि तिचा राग पैशांसाठी नव्हता.

"मी इथं राहत नाही असं लिहिलंस?"

"हो."

"माझ्या तोंडी घातलंस?"

"हो."

"आणि वर माझ्या लेफ्से खाल्ल्यास! दोन!"

मार्लिन उन्हात उभा राहिला. मग तो म्हणाला, "त्यांनी मला सांगितलं होतं की तुम्ही गोंधळलेल्या आहात असं लिहून द्या, मग पैसे मिळतील."

आर्डिस थबकली. "मला वेडी ठरवून?"

"थोडी."

"मग?"

"मी नाही म्हणालो. म्हणालो, त्या तिथंच राहतात."

ती पायरीवर बसली. पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "म्हणजे मी थोडी वेडी असते तर भिंत झाली असती."

"हो."

"आणि तुझं कामही राहिलं असतं."

"हो."

"ऑरिन असता तर म्हणाला असता, दे लिहून, तसंही ते काही अगदीच खोटं नाही." ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. "मग आधी कशाला खोटं लिहिलंस रे? तुझी-माझी ओळख ना पाळख."

मार्लिनने टोपी काढली. हे सांगायचं असं ठरवून तो आला नव्हता. "तुमची गाडी आमच्या कारखान्यातली आहे. भिंतीच्या लोखंडी हाताला चार बोल्ट लागतात. दोनच घातलेले आहेत. त्या आठवड्यात स्लाइडवर आम्ही दोघे होतो."

"म्हणजे तू?"

"मी, नाहीतर दुसरा. मला आठवत नाही."

"आठवत नाही, की आठवायचं नाही?"

"आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. आम्ही अशा किती केल्या असतील, तेही आठवत नाही."

आर्डिसने त्याच्याकडे नीट पाहिलं, टोमॅटो पिकला की नाही ते बघतात तसं. आतून तिचा फोन वाजत होता. त्या वेळी फार्गोहूनच यायचा. ती उठली नाही. तो वाजून वाजून थांबला.

"ही भिंत आत ढकलता येईल?" तिने विचारलं.

"येईल. जॅक लावून, हाताने. पण मग ती पुन्हा बाहेर येणार नाही. पट्ट्या मारून कायमची बंद करावी लागेल. तुमची खोली तीन फुटांनी कमी होईल, सोफा काढावा लागेल. पलंग आणि ओट्याच्या मधून तिरकं चालावं लागेल."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"पाहणीला आलेल्या माणसाने गाडीला पाना लावायचा नाही, असा नियम आहे."

"आणि आता?"

"आता मी पाहणीला येत नाही."

तिने वळून दारातून आत पाहिलं. कलंडलेली भिंत, तिच्यावरचं कपाट, सोफा. मनातल्या मनात तिने तीन फूट कमी केले असावेत, कारण तिने हाताने हवेत एक रेघ ओढली आणि तिच्या अलीकडे काय काय बसतं ते बोटांवर मोजलं. पलंग. ओटा. एक खुर्ची.

"सोफा ऑरिनचा," ती म्हणाली. "मला कधीच आवडला नाही." मग ती उठून आत गेली, तिने ओट्यावरचा एक कप, ज्यातून मार्लिनने त्या दिवशी कॉफी घेतली होती की दुसराच कुठला कोण जाणे, उचलून पाण्याखाली धरला, आणि पाठमोरीच म्हणाली, "बोल्ट चारही घाल. कायमची बंद करायची असली तरी."

"घालतो."

"आणि सकाळी लवकर ये. दहानंतर इथं लोखंडाला हात लावता येत नाही."